ताणावरची इंदू

इंदू सोमकुंवर पाहुण्यांसमोर झोपली, ही गोष्ट रामाकोन्यात अजूनही चघळतात, आणि सांगणारा जो तो तिला आपल्या पदरची फोडणी देतो. कोणी म्हणतो ती घोरत होती. कोणी म्हणतो तिनं पाहुण्याच्या मांडीवरच डोकं टेकलं. साफ खोटं! मांडी नव्हती, खांदा होता. आणि तो खांदा पाहुण्याचा नव्हता, पाहुण्याच्या मावशीचा होता. तेव्हा आता मुळापासून ऐकून घ्या, म्हणजे त्या पोरीच्या नावावर पुन्हा भलतंसलतं खपवायला नको.

सन चौऱ्याऐंशीचा हिवाळा. इंदू अकरावीला, सौंसरच्या शाळेत. तेव्हा आपल्याकडे बोर्डाची परीक्षा अकरावीलाच असायची. बाप दादाराव हा पाटलाच्या संत्र्याच्या बगीच्यात रखवालदार. नावाचा रखवालदार, बाकी पाणी, खत, आळी, माकडं हाकलणं, सगळं त्याच्याच बोडख्यावर. माय देवकाबाई कापसाच्या दिवसांत सकाळीच वेचायला निघायची ती दिवेलागणीला परतायची. मग घर कोणाच्या गळ्यात? इंदूच्या. बोरिंगच्या हातपंपावरून पाणी आणायचं, भाकरी थापायच्या, भांडी घासायची, बकरीला पाला टाकायचा आणि हे सगळं उरकून धावत स्टेशन गाठायचं, छोट्या लाईनीची गाडी पकडायला. संध्याकाळी गाडीतून उतरून दारात पाय टाकला, की पुन्हा "इंदू, पाणी संपलं वं" इथून सुरुवात. पुस्तक उघडेपर्यंत डोळे मिटायला यायचे.

आणि त्या पोरीला तर नर्स व्हायचं होतं. गावात लीलाबाई नर्स होत्या. पांढऱ्या साडीत सायकलवरून वस्त्या फिरायच्या, आणि खुद्द पाटील त्यांना "बाई, चहा घेऊन जा" म्हणायचा. इंदूनं ते पाहिलं होतं. लीलाबाईंनी एकदा तिला सांगून टाकलं, "छिंदवाड्याच्या ट्रेनिंगले सेकंड डिवीजन लागते, पोरी. थर्डवाल्यायले तिथं कोणी विचारत नाई."

दादारावानं शब्द दिला, "सेकंड डिवीजन आणली त तुले छिंदवाड्याले धाडतो, मंग कोणी काई म्हणो. नाई आणली त मायच्या मनासारखं होऊ दे."

मायच्या मनात काय होतं ते सांगायला नको. वैशाखात मांडव. आणि इंदूला सहामाहीत मिळाली होती थर्ड.

अक्कल कमी होती म्हणावं, तर तसंही नाही. वर्गात विचारलं की फटाफट सांगायची. वेळच नव्हता हो! दिवसाचे तास सगळ्यांचे, इंदूचा त्यात एकही नाही.

तिच्या बाकावर पुष्पा नावाची पोरगी बसायची, सौंसरच्या शिंप्याची. तिला हिंदी मासिकं वाचायचा भारी नाद. तिनं एक दिवस खबर आणली, की परदेशात कोणी एक मोठा माणूस सलग झोपतच नव्हता म्हणे. दिवसभरात थोडी थोडी डुलकी घ्यायचा, बाकी वेळ काम. "तुकड्या-तुकड्यानं झोपलं की थोड्या झोपेत भागते वं," पुष्पा म्हणाली, जणू तिनं स्वतः जाऊन त्या माणसाच्या उशाशी बसून पाहिलं होतं.

तेवढ्यावर इंदू भुलली नसती. पण त्याच रविवारी ती बापाची भाकर घेऊन बगीच्यात गेली, आणि तिथं तिला झाडं दिसली.

संत्र्याची झाडं केविलवाणी झाली होती. पानं मलूल, काही पिवळी पडून गळालेली, आणि खालच्या जमिनीला भेगा. इंदू घाबरली. "बाबा, झाडं मरून राहिली न!"

दादाराव हसला. "मरत नाई वं. ताण देल्ला त्यायले. पाणी तोडलं. आता झाडाले वाटते, सरलं आपलं. अन् मंग पुस-माघात पाणी सोडलं का असी बहार फुटते, असी फुटते, का पान दिसत नाई फुलापुढे. रोज पाणी पेणारं झाड नुसतं पानावर जाते."

संत्र्याच्या मुलखात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. इंदूलाही ठाऊक होतं. पण त्या दिवशी ते तिच्या डोक्यात पुष्पाच्या मासिकाला जाऊन चिकटलं. झाडाचं पाणी तोडून बहार येते, तर माणसाची झोप तोडून का नाही यायची?

रात्री जेवताना तिनं घरात जाहीर केलं, "आजपासून मी ताणावर हाये."

देवकाबाईचा घास हातातच राहिला. "भुकेले कोंडा अन् निजेले धोंडा म्हणतात. तू का धोंडाबी फेकून द्याले निंगाली? अवो, तुमी सांगा न काई हिले!"

आता दादारावानं दोन शब्द सुनवायला हवे होते. पण जन्म गेला होता त्याचा बगीच्यात. त्यानं मिशी चोळली, विचार केला आणि म्हणाला, "गोष्ट त बराबर हाये."

झालं! बापानंच माती खाल्ल्यावर पोरगी काय ऐकणार?

तेव्हापासून इंदूची झोप तुकड्यांवर आली. एक तुकडा गाडीत, एक शाळेच्या मधल्या सुट्टीत निंबाखाली, एक चुलीवर भात शिजेपर्यंत. रात्री नावापुरती पाठ टेकायची आणि कोंबड्याच्या आधी उठून कंदिलाजवळ बसायची. पहिले काही दिवस खरंच बहार आली हो. रेखागणित पाठ, जीवशास्त्र पाठ. शाळेत बहनजींनी प्रश्न पुरा विचारायच्या आत हिचं उत्तर. आपण जग जिंकलं असं तिला वाटायला लागलं. पुष्पालाही ती म्हणाली, "तूबी ताणावर ये." पुष्पा म्हणाली, "मले फर्स्ट-सेकंड काई नाई पायजे माय, मले झोप पायजे."

दादाराव रोज सकाळी पोरीकडे पाहायचा. तो झाडाकडे जसा पाहायचा ना, तसाच. हनुवटी धरून उजेडाकडे तोंड फिरवायचा आणि खूश व्हायचा. "डोये खोल गेले. तोंड सुकलं. बसला! ताण मस्त बसून राहिला!"

"तोंडाले मसणकळा आली पोरीच्या, अन् बाप नाचून राहिला," देवकाबाई कडाडायची. पण तिचंही कोण ऐकतो?

गाडीतल्या तुकड्याची जबाबदारी गार्ड भिवाजीवर होती. छोट्या लाईनीची गाडी म्हणजे उतरावं, बोरं तोडावी आणि पुन्हा चढावं अशी तिची चाल. झोपायला पाळणाच. सौंसर आलं की भिवाजी खिडकीतून हिरव्या झेंडीची काडी आत घालून इंदूला टोचायचा, "उठ बाई, शाळा आली." एक दिवस भिवाजी रजेवर गेला. टोचणारं कोणी नाही. इंदूनं डोळे उघडले तेव्हा पाटीवर लोधीखेडा लिहिलेलं होतं.

परतीची गाडी संध्याकाळी. रडायची सोय नव्हती, कारण रडून गाडी लवकर येत नाही. ती फलाटावरच्या झाडाखाली बसली आणि दप्तरातून गणित काढलं. आणि काय सांगू, त्या दिवशी तिनं जेवढी गणितं सोडवली तेवढी अख्ख्या महिन्यात सोडवली नव्हती. दुपारी मनसोक्त झोपलीही. संध्याकाळी घरी आल्यावर तिला पुष्कळ बोलणी बसली. मग हळूच म्हणाली, "माय, तिथं दिवसभर कोणी मले हाक नाई मारली." देवकाबाईनं ते ऐकलं, पण हातातलं काम टाकून विचार करावा इतकी फुरसत तिलाही नव्हती.

पुढं मात्र ताण फारच बसला. इंदूनं वरणात दोनदा मीठ घातलं. चहाच्या पाण्यात हळद टाकली. बकरीला म्हणाली "हजर", आणि वर्गात हजेरीला बहनजींना "हुर्र". चाचणीत जीवशास्त्राचा पेपर होता, हृदयावर. शाळा हिंदीची. बहनजींनी इंदूचं उत्तर वर्गात मोठ्यानं वाचलं: "हृदय में चार कक्ष होते हैं। ऊपर ढक्कन रखकर धीमी आँच पर पकने दें।" वर्ग बाकावर आडवा पडला. बहनजींनाही हसू आवरेना. इंदू तेवढी हसली नाही. मार्क होते थर्डच्याही खाली. त्या दिवशी गाडीत तिला झोप आली नाही. खिडकीकडे तोंड करून ती रामाकोन्यापर्यंत रडली. कुठं चुकतं तेच तिला कळेना. ताण तर बरोबर दिला होता, मग बहार कुठं अडली?

आणि नेमकं तेव्हाच देवकाबाईनं पाहुणे बोलावले.

पांढुर्ण्याचं स्थळ. मुलगा देवीदास, नगरपालिकेत नळाच्या कामावर. पक्की नोकरी. आईबाप नाहीत, सुमनमावशीनं वाढवलेला. "नुसतं पायल्यानं का लगन लागते?" देवकाबाई म्हणाली. पण पाहुण्यांनी होकार दिला असता तर वैशाख पक्का होता आणि छिंदवाडा बुडाला होता, हे इंदूला दिसत होतं. तिनं बापाकडे पाहिलं. बाप म्हणाला, "मी शब्द देल्ला तो देल्ला. पण चाचणीत का झालं ते मलेबी समजलं, पोरी." इंदू मुकाट्यानं मायची निळी साडी नेसली.

पाहुणे आले. जय भीम झाला, पाय धुतले, सतरंजीवर बसले. सुमनमावशी म्हणजे भारी बाई, आवाज असा की पांढुर्ण्यात बोलली तर सौंसरात ऐकू यावं. देवीदास किडकिडीत, केस चापून बसवलेले, गुडघ्यांवर हात ठेवून बसलेला. इंदूनं पोह्यांचं ताट आणलं, ठेवलं आणि मावशीशेजारी खाली मान घालून बसली. खाली मान घालून. इथंच घात झाला. ताणावरच्या माणसानं मान खाली घालू नये.

"सैपाक येते?" मावशीनं विचारलं.

"हो."

"शिवणकाम?"

"हो..."

"बुद्धवंदना येते का पुरी? म्हणून दाखव बरं."

उत्तर नाही. लाजली असेल, म्हणून सगळे थांबले. देवकाबाई कौतुकानं हसली. मग इंदूची मान एका बाजूला कलली, आणखी कलली, आणि तिचं डोकं अलगद सुमनमावशीच्या खांद्यावर येऊन टेकलं. ओठ थोडे उघडे. श्वास संथ. पोरगी गाढ!

देवकाबाई लाजेनं मेल्याहून मेली झाली. "इंदे! ए इंदे!" म्हणून ती हलवायला धावली.

"हे का बिमारी हाये का काय हिले?" मावशी ओरडली. ओरडली खरी, पण जागची हलली नाही. ती तरी काय करणार, खांद्यावर परक्याची लेक.

तेव्हा देवीदास पहिल्यांदा बोलला. "झोपू द्या."

"का?" मावशी.

"झोपू द्या न, मावशे. उठवू नका. पोहे मस्त झाले." त्यानं खरंच पोह्यांचा घास घेतला. पोह्यांत मीठ होतं की नाही हे त्यानं आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मग तो दादारावाकडे वळला आणि साधाच प्रश्न विचारला, भांडायला नाही की टोमणा मारायला नाही. "काका, हे झोपते कधी?"

दादाराव सांगायला लागला. "सकाळी त पाणी भरते. मंग सैपाक. मंग गाडी. शाळा. आली का पुन्हा पाणी, बकरी, सैपाक. मंग अभ्यास करते. मंग..." आणि तो थांबला. त्यानं बोटांवर मोजत पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथंच अडकला. त्या माणसाला झाडाला पाणी कधी दिलं, कधी तोडलं, हे वर्षावर्षांचं तोंडपाठ. आणि पोरीची झोप कुठं बसते हे काही केल्या सापडेना.

पाहुणे गेले. जाताना मावशीनं उंबऱ्यातूनच नकार सुनावला. "पोरगी गोरीगोमटी हाये, पण आमाले जागी सून पायजे." देवीदास दाराजवळची पाण्याची रिकामी गुंडं पाहत गेला. इंदूला कोणी उठवलं नव्हतं. ती सतरंजीवर झोपलेलीच होती, आणि तिच्या अंगावर देवकाबाईनं नकळत आपलं लुगडं टाकलं होतं. शिव्या देत देत टाकलं होतं, पण टाकलं होतं.

दादाराव बगीच्यात निघून गेला. ओळीओळीनं फिरला. पाटलाचा निरोप होताच, पाणी सोडायची वेळ झाली होती. त्यानं इंजिन सुरू केलं, पहिल्या ओळीकडे पाटाचं तोंड फोडलं, आणि पाणी भेगांत शिरताना जमिनीतून चर्र आवाज आला. तो तिथंच बसून रडला. झाडाला ताण देतो तेव्हा आपण त्याच्याकडून दुसरं काहीच मागत नाही, फळ नाही, फूल नाही; उभं राहा म्हणतो नुसतं. आणि पोरीचं पाणी तोडलं ते तोडलं, वर तिच्याकडूनच घरभराचं पाणी भरून घेतलं! "दादाराव, गधा हायेस तू," तो स्वतःलाच म्हणाला. एवढं बोलून त्यानं नाक शिंकरलं आणि दुसऱ्या ओळीकडे गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामाकोन्याच्या बोरिंगवर बायकांनी जे पाहिलं ते आजवर पाहिलं नव्हतं. दादाराव सोमकुंवर, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर गुंड, हातात बकेट, आणि अर्धं पाणी सदऱ्यावर. बायकांनी पदर तोंडाला लावले. रस्त्यानं कवडू सुतार चालला होता, तो थांबलाच. "काहो दादाराव, देवकाबाई सोडून गेली का काय?"

"नाई गा," दादाराव म्हणाला. "पोरीचा ताण तोडून राहिलो."

"मंग हसू नको का आमी?"

"हास न. हासता हासता हांडेल मारून दे."

कवडूनं हसत हसत हांडेल मारलं. गावानं आठ दिवस हसून घेतलं आणि मग कंटाळलं. देवकाबाई आधी तणतणली, "बाप्यानं पाणी भरलेलं पेऊन घराले बरकत नाई येत." मग स्वतःच वेचणीला निघायच्या आधी भाकऱ्या करून ठेवायला लागली. बकरी तेवढी इंदूकडे राहिली, कारण बकरी दुसऱ्या कोणाचं ऐकत नव्हती.

पहिले दोन दिवस इंदू नुसती झोपली. उठून घाबरी होऊन म्हणायची, "पाणी..." आणि दादाराव दारातून ओरडायचा, "भरलं! झोप!" तिसऱ्या दिवशी ती ताजी होऊन पुस्तक घेऊन अंगणात बसली. कोणी हाक मारली नाही. लोधीखेड्याचा फलाट तिच्या घरातच आला होता.

माघात बगीच्याला फुलं आली. वारा सुटला की सुवास गावात यायचा, स्टेशनापर्यंत यायचा. मार्चात परीक्षा झाली. निकालाच्या दिवशी दादाराव स्वतः सौंसरला गेला, नागपूरचा पेपर घेतला आणि परतीच्या गाडीत तो भिवाजी गार्डाकडून तीनदा वाचून घेतला. सेकंड डिवीजन. भिवाजीनं तिथंच हिरवी झेंडी हलवली, गाडी चालू असताना.

इंदू छिंदवाड्याला गेली, नर्स झाली, आणि मोहगावच्या दवाखान्यात लागली. तिचा तिथं भारी दरारा. वाळलेली, डोळे खोल गेलेली बाळंतीण आली, की गोळ्या देते त्या देतेच, पण आधी नवऱ्याला समोर उभा करते. "हे झोपते कधी?" असं विचारते. तो बोटांवर मोजायला लागतो. बोटं संपली की इंदू म्हणते, "चाल, गुंड उचल. तुहा इलाज बोरिंगवर हाये." पहिल्यांदा पुष्कळ जण चिडले. आता मोहगावात पाणी भरणारे बाप्ये दिसतात, आणि कोणी वळूनही पाहत नाही.

त्या बाप्यांत एक किडकिडा माणूस असतो, चापून बसवलेल्या केसांवर चुंबळ ठेवलेला. पांढुर्ण्याहून बदली मागून आला. अख्ख्या गावाच्या नळाचं काम पाहतो आणि घरचं पाणी बोरिंगवरून भरतो, म्हणून लोक त्याची टर उडवतात. नकार मोडून त्यानं इंदूलाच मागणी घातली म्हणून सुमनमावशी लग्नात रुसली होती, पण लाडू तिनंच सगळ्यात जास्त खाल्ले.

कोणाचं बाळंतपण करून दमून परतलेली इंदू सकाळी घरात आडवी झालेली असते, आणि दवाखान्यातून कोणी तरी बोलवायला येतंच. "बाई हायेत का? जरासंच काम होतं."

देवीदास गुंड खाली ठेवतो, दारात आडवा उभा राहतो आणि हळू आवाजात म्हणतो, "झोपू द्या."